शिट्टी नसलेलं भांडं

चंडीगढमध्ये कुणी कुणाची जात तोंडावर विचारत नाही. लोक सभ्य आहेत. ते कुकरच्या शिट्ट्या मोजतात.

निदान सदतीस सेक्टरातल्या त्या कोठीत, म्हणजे दुमजली बंगल्यात, तरी मोजल्या जात. तळमजल्यावर मालकीणबाई राहत. त्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या आणि सगळे त्यांना बहनजी म्हणत. वरच्या मजल्यावर आमचे भालेराव. बहनजींच्या हिशेबात दोन शिट्ट्या म्हणजे भात, चार म्हणजे डाळ आणि आठ म्हणजे राजमा. आधीच्या भाडेकऱ्यांच्या वेळी शिट्टी आठच्या पुढे गेली की त्या हातातलं विणकाम मांडीवर ठेवून छताकडे बघायच्या. राजम्याच्या पलीकडे शाकाहारात शिजण्यासारखं काही उरतच नाही, असं त्यांचं मत होतं, आणि खरं सांगायचं तर ते बरोबर होतं. फाटकावर पाटी होती, ‘किरायेदार केवल शाकाहारी’. तिच्यावर दर दिवाळीला नवा रंग चढायचा.

भालेराव त्या घरात नऊ वर्षं राहिले आणि त्या नऊ वर्षांत त्यांच्या ओट्यावर शिट्टीचा कुकर नावाची वस्तू आली नाही. गंमत बघा, हा माणूस पोटासाठी कुकरच चालवायचा. आमच्या सरकारी संशोधन संस्थेत जिवाणूंवर काम चालतं. जिवाणू पाळले की त्यांना खायला घालावं लागतं, आणि ते खाणं जिथे शिजतं त्या खोलीला मीडिया रूम म्हणतात. तिथे ऑटोक्लेव्ह नावाचा माणसाएवढा प्रेशर कुकर होता. दिवसातून तीनदा तो असा फूत्कार सोडायचा की व्हरांड्यातली कबुतरं समोरच्या इमारतीवर जाऊन बसायची. त्या कुकराचे आणि त्या खोलीचे सर्वाधिकारी म्हणजे याकोब भालेराव, नगर जिल्ह्यातल्या मिशनच्या शाळेत शिकलेले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मी त्याच इमारतीच्या तळघरात, भांडार विभागात. लातूरची, कोल्हापूरची पोरं पीएचडीला यायची नि जायची. कायमचे मराठी आम्ही दोघेच.

पंजाबी मंडळींना ‘भालेराव’ जिभेवर पेलेना. पहिल्याच महिन्यात त्यांचे ‘भल्लाजी’ झाले. भल्ला म्हणजे इकडचं घरंदाज आडनाव. त्यामुळे पुढचे प्रश्न आपोआप मिटले आणि भालेरावांनी ते कधी उकरून काढले नाहीत. ‘मी खोटं बोललो नाही,’ ते म्हणायचे, ‘त्यांनी कातरलं, मी फक्त उचलून दिलं नाही.’

उंच, काटकुळा माणूस. पांढऱ्या कोटाला स्टार्च आणि मिशीला काहीच नाही. उकळलेल्या अगारचा फ्लास्क, म्हणजे समुद्री शेवाळाची ती खळ, थाळ्यांत ओतायच्या आधी ते डाव्या गालाला लावून बघत. भिंतीवर तीन थर्मामीटर होते. भालेराव त्यांच्याकडे, मेहुण्याकडे बघावं तसं बघत आणि गालाचंच ऐकत. गालाला सोसलं की ओतायचं. त्यांच्या थाळ्यांत कधी गाठ सापडली नाही, कधी बुडबुडा सापडला नाही. जिवाणूंना ते ‘लेकरं’ म्हणत. लेकरांना आज रस्सा आहे, लेकरांना आज जेली आहे, लेकरं रात्रभर जेवली बघा.

आणि लेकरांचा हा रस्सा कशाचा, तर तिथेच खरी मौज आहे. जिवाणूंच्या रोजच्या जेवणात एक तपकिरी पूड लागते. डब्यावर ठळक इंग्रजीत छापलेलं असतं, बीफ एक्स्ट्रॅक्ट. मागवायचो मी, ती परदेशातून यायची, सही माझी. संस्थेतल्या झाडून सगळ्या शाकाहारी विद्वानांचं संशोधन त्या पुडीवर वाढलेलं आहे. कांदा-लसूणही न खाणाऱ्या एक वरिष्ठ शास्त्रज्ञ बाई होत्या. त्या एकदा फ्लास्क उजेडात धरून भालेरावांना म्हणाल्या, ‘भल्लाजी, रंग फीका लग रहा है। एक्स्ट्रॅक्ट कम तो नहीं पड़ा?’

‘नहीं मॅडम,’ भालेराव म्हणाले. ‘बीफ पूरा डाला है। चाहें तो चख लीजिए।’

व्हरांड्यात चहा पिणाऱ्या चार जणांचे कप चार वेगवेगळ्या उंचीवर थांबले. बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. ‘ठीक है’ म्हणून फ्लास्क उचलून निघून गेल्या. भालेरावांनी माझ्याकडे वळून हळूच सांगितलं, ‘बघा पाटणकर. पूड केली की पाप राहत नाही.’

आता ते भांडं.

भालेरावांची बायको गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात त्यांची मुलगी रिबेका अमेरिकेहून पंधरा दिवस आली. ती तिकडे नर्स आहे. बापाचं एकट्याचं खाणं बघून तिने पुढच्या खेपेला बॅगेत ब्लँकेटांत गुंडाळून एक स्लो कुकर आणला. चिनी मातीचं जडशीळ लांबट भांडं, वर काचेचं झाकण, खाली विजेचा डबा. तिकडे म्हणे लोक सकाळी कामावर जाताना त्यात मांस, कांदा, पाणी टाकून जातात आणि संध्याकाळी परत येईपर्यंत ग्रेव्ही होऊन बसलेली असते. अडचण एकच होती. तिकडची वीज आपल्याहून निम्म्या दाबाची. भालेरावांनी जुन्या उपकरणांच्या लिलावातून एक ट्रान्सफॉर्मर मिळवला. तो गांधीलमाशीसारखा गुणगुणायचा. बहनजींनी खालून विचारलं, हे भिनभिन काय आहे? भालेराव म्हणाले, इन्व्हर्टर आहे. बस्स. शिट्टी नाही, वाफेचा फवारा नाही, आठ तास नुसती गुणगुण. चंडीगढने या माणसावर घातलेल्या बंदीला अमेरिकेने काढलेली ती पळवाट होती.

त्यात वर्षातून तीनदा मोठ्याचं मटण शिजायचं. नाताळला, ईस्टरला आणि त्यांच्या आईच्या स्मरणदिनाला. मोठ्याचं म्हणजे म्हशीचं, गाईचं नव्हे. हा फरक भालेरावांना माहीत होता आणि कायद्यालाही माहीत होता. नाकाला तो माहीत नसतो, एवढीच अडचण. पंजाबातल्या मालेरकोटला या मुसलमान वस्तीच्या गावचा, संस्थेतला एक ड्रायव्हर त्यांचा दोस्त होता. तो सुटीला घरी गेला की येताना थर्मोकोलच्या पेटीत घेऊन यायचा. त्या पेट्यांतून आमच्याकडे बर्फात घातलेली एन्झाइम्स येतात आणि रिकाम्या झाल्या की अर्धी संस्था त्यांत पुदिना लावते. ती पेटी कोठीच्या जिन्यावरून कितीदा वर गेली आणि बहनजींनी कितीदा ‘पुदिना है क्या’ विचारलं, देव जाणे.

बेत एखाद्या दरोड्यासारखा आखलेला असायचा. सण कुठल्याही वारी येवो, जेवण जवळच्या रविवारी. त्या दिवशी सकाळी नऊला बहनजी सत्संगाला जात, अकराला परत येत. या दोन तासांत वासाची सगळी कामं उरकायची. आधी सुकं खोबरं आणि कांदा थेट जाळावर काळा करायचा, म्हणजे घरभर एक प्रामाणिक वास भरून राहतो. मग लोखंडी कढईत तुकडे सगळ्या बाजूंनी लालभडक परतायचे. त्यांना मध्ये हलवायचं नाही, चिकटू द्यायचे, आपणहून सुटले की उलटायचे. कढईच्या तळाला जे धरतं ते पाणी घालून खरवडून घ्यायचं. ‘रस्सा तिथे असतो,’ भालेराव म्हणायचे, ‘बाकी नुसतं मटण.’ मग ते सगळं, नळीची हाडं आणि नगरहून आलेला काळा मसाला चिनी मातीच्या भांड्यात घालायचं, झाकण ठेवायचं आणि खिडक्या उघडायच्या. अकराला बहनजींचं फाटक वाजायचं तेव्हा भालेराव गॅलरीत वर्तमानपत्र वाचत बसलेले असत आणि आत गांधीलमाशी गात असे.

झाकण आठ तास उचलायचं नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा चार वाजता हात पुढे केला, तर त्यांनी मनगट धरलं. ‘आमची माय म्हणायची, शिजणाऱ्याला घाई नसते, खाणाऱ्याला असते.’

संध्याकाळी सातला झाकण निघायचं. मंडळी, मी सातारच्या शुद्ध शाकाहारी घरातला माणूस. आमच्याकडे अंडं हा शब्दसुद्धा हिंदीत उच्चारतात. पण त्या रश्श्याचं वर्णन करायला मला लाज वाटत नाही. काळाभोर, वर तेलाचा तांबूस पडदा. हाडातला रस उतरून तो इतका दाट झालेला, की बाजरीच्या भाकरीचा तुकडा बुडवून वर काढला तर रस्सा तुकडा सोडायला तयार नसायचा. मटण चमच्याने तुटायचं. मी घरी सांगून जायचो की स्टोअरची मोजदाद आहे, आणि परतताना बडीशेप, लवंग आणि दोन संत्री एवढा ऐवज तोंडात घालून जिना चढायचो. बायको म्हणायची, तुमच्या मोजदादीला संत्र्यांचा वास कसा येतो हो? पुढे पुढे भालेरावांनी माझ्यासाठी वेगळी थाळीच ठेवली. तिला ते ‘मोजदादीचं ताट’ म्हणत.

जेवणाआधी ते प्रार्थना करायचे. डोळे उघडे ठेवून, भांड्याकडे बघत.

एकदा मी चेष्टेत म्हटलं, ‘भालेराव, देवाचं नाव घेता आणि इतकं लपवून खाता?’

त्यांनी नळीतला मगज ताटात ठोकून काढला. मग म्हणाले, ‘लपवत नाही हो. वास जाऊ देत नाही. गावात आमच्या घरावरून जाताना लोक नाकाला पदर लावायचे. मायनं त्यांच्यासाठी कधी झाकण ठेवलं नाही, उघड्या पातेल्यात शिजवायची. शिकून, नोकरी लागून मी झाकणवाला निघालो.’ आणि माझ्या ताटात आणखी एक पळी वाढली.

आता राजम्याची गोष्ट, कारण ती कळल्याशिवाय हा माणूस कळायचा नाही. एका रविवारी सत्संगाहून परतल्यावर बहनजींना खाली तो जळक्या कांदा-खोबऱ्याचा वास आला आणि आवडला. संध्याकाळी त्या वाटी घेऊन थेट वर. ‘भल्लाजी, आज राजमा बनाया है न? ज़रा हम भी चखें।’ भालेरावांच्या जागी मी असतो तर, खोटं कशाला बोलू, वाटी भरून दिली असती आणि त्यांनी बोटं चाटलेली बघून आयुष्यभर हा किस्सा सांगितला असता. भालेराव दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, आज बिघडला आहे, करपला, पुढच्या रविवारी तुमच्यासाठी करतो. दार लावून आत आले. ‘ज्याला चालत नाही त्याला न सांगता घालायचं नाही. ते आमच्या लोकांच्या बाबतीत झालेलं आहे, आपण करायचं नाही,’ एवढंच बोलले.

पुढच्या रविवारी त्यांनी खरोखर राजमा केला. तो नव्या पातेल्यात, आणि पुढच्यासाठी रिबेकाकडून दुसरं चिनी मातीचं भांडं मागवलं. विजेचा डबा एकच, भांडी दोन. एकाच्या कानाला पांढरा दोरा बांधलेला. दोऱ्याच्या भांड्यात कधी मांस गेलं नाही आणि बिनदोऱ्याच्यात कधी राजमा गेला नाही. मीडिया रूममध्ये एका जातीच्या जिवाणूची सुई दुसऱ्या थाळीला लागू न देणारा माणूस होता तो, घरीही तेच. तेव्हापासून महिन्यातून दोन रविवार बहनजींना वरून राजमा जाऊ लागला, बरोबर कधी नगरची शेंगदाण्याची चटणी. बहनजी लोकांना सांगायच्या की असा राजमा अमृतसरात होत नाही. आपल्या भाडेकऱ्यावर त्यांचा इतका जीव जडला की वरच्या मजल्याची जादा किल्ली त्यांच्या देवघरात लटकू लागली, आणि त्यांनी शिट्ट्या मोजणं सोडून दिलं. तसंही भालेरावांकडून कधी शिट्टी आलीच नव्हती.

इथपर्यंतची गोष्ट मी मैफिलीत सांगतो. लोक हसतात. पुढची सहसा सांगत नाही.

त्या तपकिरी पुडीचे डबे फार चांगले असतात. रुंद तोंड, घट्ट झाकण, हवा आत जात नाही. रिकामे झाले की नियमाने समितीपुढे ठेवून मोडीत काढायचे. पण समिती भरेपर्यंत मी ते धुऊन संस्थेभर वाटून टाकायचो. अर्ध्या चंडीगढच्या डाळी त्या डब्यांत आहेत. लेबल खरवडून द्यायचं, एवढी काळजी घेतली की झालं. आमच्या स्वतःच्या ओट्यावर एक आहे, त्यात पोहे असतात.

भालेरावांना दिला त्या डब्याचं लेबल मात्र मी खरवडलं नाही. मला विनोद सुचला. बीफ एक्स्ट्रॅक्टच्या वर काळ्या मार्करने, माझ्या वळणदार अक्षरात मी लिहिलं, ‘भालेरावांचा घरचा रस्सा’. आणि डबा गुलाबी कागदात बांधून नाताळची भेट म्हणून नेऊन दिला. भालेराव इतके हसले की त्यांना ठसका लागला. डोळे पुसत म्हणाले, पाटणकर, तुम्ही मला एक दिवस फासावर चढवणार. त्यांनी त्यात शेंगदाण्याची चटणी भरली आणि डबा फळीवर लेबल भिंतीकडे करून ठेवला. खरवडून टाकणार नाही, म्हणाले, एवढं कुणी माझ्यासाठी लिहिलेलं नाही.

निवृत्तीला नऊ महिने राहिले असताना एका सुट्टीच्या दिवशी ते कामावर होते, कुणाच्या तरी प्रयोगाला तातडीने थाळ्या हव्या होत्या. दुपारी बहनजींचा फोन आला. त्यांचा मुलगा आणि सून पंचकुल्याहून जेवायला आले होते. ती चटणी आहे का? भालेरावांच्या गालाला अगारचा फ्लास्क होता. ते म्हणाले, फळीवर आहे बहनजी, घेऊन जा, किल्ली आहेच तुमच्याकडे. फ्लास्क खाली ठेवल्यावर त्यांना लेबल आठवलं. तोवर डबा खालच्या टेबलावर पोचला होता, सुनेने चटणी वाढून घेतली होती आणि नवऱ्याने डबा फिरवून इंग्रजी वाचलं होतं. मग देवनागरीही वाचलं. घरचा रस्सा.

भालेराव पोचले तेव्हा बहनजी मोरीपाशी बसल्या होत्या. त्यांच्या मुलाचा आवाज रस्त्यावर ऐकू येत होता. त्याचा प्रश्न चटणीचा नव्हता, राजम्याचा होता. इतकी वर्षं आईला काय खाऊ घातलंत? हे सगळं मला नंतर शेजारच्या कोठीतल्या आमच्या क्लार्कने सांगितलं. तो म्हणाला, बहनजींनी मुलाला हाताने गप्प केलं आणि भालेरावांना विचारलं, ‘भल्लाजी, एक बार कह दो। राजमे में कुछ नहीं था न?’

‘राजमा था, बहनजी। और कुछ नहीं।’

‘तो फिर यह किसने लिखा?’

भालेरावांनी डब्याला झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी मुलगा संस्थेत आला. त्याला पोलिसात जायचं होतं, आमच्या प्रशासकीय अधिकाऱ्यांना तो जायला नको होता. मला खोलीत बोलावलं तेव्हा टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्यावर डबा ठेवलेला होता, सरकारी फायलीला तो शिवू नये म्हणून. आत अर्धी चटणी होती. एका खुर्चीवर मुलगा, दुसरी रिकामी, आणि भालेराव उभे. स्टार्चचा कोट.

‘पाटणकरजी, यह डिब्बा आपके स्टोर का है?’ साहेबांनी विचारलं.

त्या वेळी काय म्हणायचं होतं ते मी पुढे शेकडो वेळा घडवून पाहिलं आहे. अगदी सोपं होतं. म्हणायचं, साहेब, डबा मी दिला, अक्षर माझं आहे, थट्टा माझी आहे, हवं तर वही आणून अक्षर जुळवा. असे डबे तुमच्या घरी दोन आहेत, मीच दिलेत, एकात तुमच्या मातोश्रींचे हरभरे असतात. सगळी खोली हसली असती. कदाचित तो मुलगासुद्धा. मी आयुष्यभर लोकांना हसवून वेळ मारून नेलेला माणूस.

पण डोळ्यांसमोर आमचं घर आलं. थट्टा का केली, तर रस्सा ठाऊक होता म्हणून. रस्सा कसा ठाऊक, तर मोजदाद. मी घसा साफ केला आणि माझ्या तोंडून अस्खलित सरकारी भाषा बाहेर पडली. मोडीत काढलेलं सामान समितीमार्फत जातं, डबा आमच्याकडचा दिसतो, बाहेर कसा गेला हे नोंदी तपासून सांगावं लागेल.

साहेबांनी लेबलावर बोट ठेवलं. ‘और यह लिखा किसने है?’

भालेरावांनी त्या अक्षरांकडे पाहिलं. नंतर माझ्याकडे. फार वेळ नाही, झाकण उचलून आत बघावं तितकंच.

‘मैंने,’ ते म्हणाले. ‘डिब्बा भी मैं ही ले गया था।’

व्हरांड्यात मी त्यांच्या मागे धावलो. काही तरी बोलत होतो, काय ते आठवत नाही. ते थांबले, कोटाचं बटण लावलं. ‘अक्षर छान आहे तुमचं, पाटणकर,’ म्हणाले आणि मीडिया रूममध्ये गेले. आत ऑटोक्लेव्हचा दाब चढलेला होता, तो उतरवायचा होता.

त्यांना संस्थेची वस्तू बाहेर नेल्याचा मेमो मिळाला आणि उरलेले नऊ महिने टपाल विभागात बसवलं. पोलीस आले नाहीत, ती संस्थेची मेहरबानी म्हणे. कोठी आठवड्यात सोडावी लागली. मोहालीत सदुसष्ट सेक्टरापाशी औषधनिर्माणाची पोरं राहतात तिथे त्यांनी एक खोली घेतली. सामान टेंपोत चढवताना बिनदोऱ्याचं भांडं फुटलं, असं कळलं. मी गेलो नव्हतो, त्या दिवशी खरोखरच मोजदाद होती. दोऱ्याचं भांडं त्यांनी घासून, वाळवून बहनजींच्या दाराशी ठेवलं. मुलाने ते काठीने ढकलत कचऱ्याच्या पेटीपर्यंत नेलं. बहनजी खिडकीत उभ्या होत्या, असं क्लार्क म्हणतो. त्या पुढे कधी राजमा खाताना दिसल्या नाहीत म्हणे. त्यांनी भालेरावांवर विश्वास ठेवला की नाही, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

मीडिया रूममध्ये नवा माणूस आला. तो थर्मामीटर बघून ओततो. थाळ्यांत गाठी येतात. त्या कांदा-लसूण न खाणाऱ्या बाई एकदा स्टोअरमध्ये येऊन कुरकुरल्या, ‘भल्लाजी वाली बात नहीं रही।’ मी म्हटलं, पूड तीच आहे मॅडम.

त्या वर्षीचा नाताळ आला. संध्याकाळी सातला मी घरीच होतो. बायको म्हणाली, यंदा मोजदाद नाही का?

आता निरोप समारंभ. आमच्याकडे निवृत्त होणाऱ्याला भेटवस्तू ठरलेली आहे, पाच लिटरचा प्रेशर कुकर. कुणी ठरवलं ठाऊक नाही, पण शास्त्रज्ञ असो की शिपाई, कुकर एकच. आणि खरेदी भांडार विभागाची. वस्तू बदलावी असा प्रस्ताव मी दोन वेळा लिहिला आणि दोन्ही वेळा फाडला. कारण काय देणार? शेवटी मी जाऊन कुकर घेऊन आलो. दुकानदाराने झाकण लावून, पाणी उकळून शिट्टी वाजवून दाखवली. मी म्हटलं, ठीक आहे, बांधा.

समोसे, बर्फी, भाषणं झाली. साहेबांनी ‘भल्लाजी की निष्ठा’ वगैरे म्हटलं. टपाल विभागाचा उल्लेख कुणी केला नाही. भालेरावांनी हार घालून घेतला, आभाराची दोन वाक्यं म्हटली आणि खोका हातात घेतला. रिबेका त्यांना न्यायला आली होती, रात्रीच्या विमानाने दोघं दिल्लीहून जाणार होती. ती फाटकाबाहेर टॅक्सीपाशी उभी होती.

मी पायऱ्यांवर होतो. ते माझ्यापाशी येऊन थांबले. खोका कठड्यावर ठेवून त्यांनी तो उघडला, नव्या कुकरच्या झाकणावरून शिट्टी उपटली, रुमालाने पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. जड असते ती, आपल्याला वाटते त्याहून जड.

‘ही तुम्ही ठेवा, पाटणकर,’ ते म्हणाले. ‘मला सवय नाही. तुमच्याकडून एखाद्या वेळी वाजली तर वाजली.’

मग झाकण पुन्हा नीट बसवलं, खोका काखेत घेतला आणि हार मानेवरून काढत ते टॅक्सीकडे चालू लागले. चालताना आत झाकण थोडं सैल हलत होतं. फाटकापर्यंत तो आवाज येत राहिला.